दोरैची टोपली

मांजर आजारी पडलं तर काय करायचं, या प्रश्नाला मी मद्रासला आले तेव्हा सोपं उत्तर होतं : दुसरं पाळायचं. मी चौऱ्याहत्तर साली लग्न होऊन आले. नवऱ्याची बंदरावरच्या एका कचेरीत नोकरी होती आणि माझ्याजवळ जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी. सैदापेटेतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मी दवाखाना थाटला. पहिली चार वर्षं गाई आल्या, म्हशी आल्या, साहेबलोकांचे कुत्रे आले. मांजर यायचं ते भर दुपारी, रस्ता सामसूम असताना, पिशवीत लपवून. आणणारी बाई आधी दाराबाहेर दोन्हीकडे बघून घ्यायची आणि मग पिशवी उघडायची. मांजरासाठी डॉक्टरला पैसे दिले हे सासूला कळलं तर तिची धडगत नसायची.

मला मांजरं आवडतात, म्हणून ही गिऱ्हाइकं हळूहळू माझ्याकडेच वळली. मुनुस्वामी नावाचा माझा कंपाउंडर होता, पन्नाशीचा, मिशीवाला. बैल आडवा पाडताना त्याच्या कपाळावर आठी पडायची नाही, पण मांजर म्हटलं की तो शर्टाच्या बाह्या खाली ओढून बटणं लावायचा. त्याच्या हातांवर ओरखड्यांची जाळी झाली होती.

बाहेरच्यांना वाटतं, मांजराचा डॉक्टर म्हणजे औषध देणारा. औषध नंतर. आधी मांजर हातात यायला हवं, आणि निम्मी विद्या तिथेच खर्च होते. संकट आलं की कुत्रा मालकाकडे धावतो. मांजर मालकापासून लांब जातं, आणि बहुतेक वेळा वर जातं : माळ्यावर, कपाटावर, कौलांवर. त्याला हाक मारून उपयोग नसतो, कारण आपल्या हाकेतली भीती त्याला आपल्या आधी कळते. आम्ही उशीचा अभ्रा उलटा करून कोपरापर्यंत हातात घालायचो, मानेची सैल कातडी धरायची, आणि दुसऱ्या हाताने अभ्रा सुलटा करत त्याच्यावर ओढून घ्यायचा. सुती कापडातून त्याला श्वास घेता येतो, आणि अंधारात ते गप्प होतं. सांगायला दोन ओळी लागतात. शिकायला मला दोन वर्षं आणि धनुर्वाताची बरीच इंजेक्शनं लागली.

मद्रासचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्यातच वादळं. दरवर्षी त्यानंतर माझ्याकडे रडवेली माणसं यायची. मांजर सापडत नाही, मांजर बुडालं, मांजर माळ्यावरून उतरत नाही. रडून झाल्यावर सल्ला देण्यात काय अर्थ, म्हणून मी एक कागद लिहायला घेतला. त्यातली एकेक ओळ गिऱ्हाइकांनीच शिकवली. जॉर्ज टाउनमध्ये डाळींचे एक घाऊक व्यापारी होते. त्यांच्या गोदामात उंदरांवर नेमलेली अकरा मांजरं होती. वादळाचा बावटा लागला तेव्हा त्यांनी पोती फळ्यांवर रचली, मांजरांसाठी सुकी मासळी टांगली आणि कुलूप लावून घरी गेले. पाणी चढलं आणि दार चार दिवस उघडलं नाही. मांजरं पोत्यांच्या डोंगरावर सुखरूप होती, पण तहानेने अर्धमेली. खाली कमरेइतकं पाणी, आणि त्यात शहरातली सगळी घाण. "पाणी ठेवायचं कसं सुचणार, डॉक्टर? पाण्याचीच तर भीती होती!" शेटजी म्हणाले, आणि मला हसू आवरेना. त्या दिवशी कागदावर ओळ चढली : प्यायचं पाणी उंचावर ठेवा.

तांबरमला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड होते. मांजराला जेवण देण्याआधी ते दूधभुकटीच्या रिकाम्या डब्यावर चमच्याने तीन ठोके मारत, रोज, न चुकता. घरात स्टोव्हचा भडका उडून धूर झाला तेव्हा त्यांनी अंगणात उभं राहून तोच डबा वाजवला, आणि मांजर धुरातून चालत बाहेर आलं. तेही कागदावर गेलं. टोपलीची ओळ मात्र माझी स्वतःची होती, आणि तिचा मला अभिमान होता : झाकणाची टोपली आधीपासून घरात ठेवा, म्हणजे मांजराला तिची ओळख राहील.

कागद इंग्रजीत आणि तमिळमध्ये होता. मराठी प्रत मी एकाच गिऱ्हाइकासाठी लिहिली, ती म्हणजे कावेरीबाई.

कावेरीबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. जवळच्याच शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, मूलबाळ नाही. अड्यार नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत त्यांचं कौलारू घर होतं. त्यांची मराठी म्हणजे बखरीतली भाषा तमिळ चालीवर म्हटल्यासारखी. माझी त्यांना गंमत वाटे. "तुमच्या मराठींत इंग्रजी फार, डॉक्टरम्मा. आमची तरी बरी, तीत तमिळच आहे," असं त्या म्हणायच्या. त्यांचा बोका पांढराशुभ्र आणि अत्यंत तोऱ्याचा, म्हणून त्याचं नाव दोरै, म्हणजे गोरा साहेब. हा साहेब दहीभातावर वाढलेला. मुनुस्वामी त्याला दवाखान्यात गुपचूप सुक्या मासळीचा तुकडा द्यायचा आणि दोघंही कावेरीबाईंसमोर साळसूद चेहऱ्याने बसायचे.

माझा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला, पिशवीतून लाल शाईचं पेन काढलं आणि खाण्याच्या ओळीतल्या सुक्या मासळीवर काट मारली. "आमचे घरीं नाहीं." बाकी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. टोपलीपाशी थांबल्या. "टोपली आहे की घरांत. नवी कशाला?"

"झाकण आहे ना?"

"ताट ठेवलं की झालं झाकण."

"मग चालेल," मी म्हणाले. ती टोपली कसली, कशासाठी वापरता, एवढं विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

ती टोपली मी पाहिलीही होती. पितृपंधरवड्यात त्यांच्या यजमानांच्या श्राद्धाला त्यांनी मला जेवायला बोलावलं. श्राद्ध करायला तांबरमहून पुतण्या श्रीनिवास यायचा. मी पोचले तेव्हा भटजी बसले होते, स्वयंपाकघरातून वड्यांचा वास येत होता, आणि मागच्या ओसरीवर एक मोठी वेताची टोपली पालथी घातलेली होती. तिच्यावर दगडी वरवंटा होता आणि आतून दोरै ओरडत होता. ब्राह्मण जेवायच्या आधी मांजराने पितरांच्या अन्नाला तोंड लावू नये म्हणून त्याला असं झाकून ठेवायचं. आमच्या माहेरीही हेच. लहानपणी मांजर टोपलीखाली गेलं की आज खीर आहे हे आम्हाला कळायचं. मी हसले, पान वाढलेलं होतं तिथे बसले, चार वडे खाल्ले, दोनदा खीर मागून घेतली. टोपलीखालचं ओरडणं जेवणभर कानांवर येत होतं. माझ्यातल्या डॉक्टरला त्यात काहीच दिसलं नाही. आजही वडे तळताना तो आवाज आठवतो आणि माझी मला लाज वाटते.

त्यानंतर दोन महिन्यांनी नदी गल्लीत आली. ऐंशीच्या दशकाच्या मधला कधीचा तरी नोव्हेंबर होता. दोन दिवस पाऊस कोसळून थांबला होता, आणि थांबल्यावर पाणी चढू लागलं. सकाळी नऊच्या सुमाराला मुनुस्वामी कमरेपर्यंत भिजलेला दवाखान्यात आला. कावेरीबाईंच्या गल्लीत समुद्रावरच्या कोळ्यांच्या होड्या फिरत होत्या, लोकांना शाळेच्या वरच्या मजल्यावर नेत होत्या. सगळे गेले होते. "टीचरम्मा बसत नाही. पूनै पाहिजे म्हणते." पूनै म्हणजे मांजर. मी दोन अभ्रे घेतले आणि त्याच्यामागे निघाले.

घरात पाणी गुडघ्याच्या वर होतं. एक कोळी दारातला खांब धरून होडी थोपवून उभा होता आणि "वांगम्मा, वांगो!", या बाई, या, करून आत ओरडत होता. कावेरीबाई कूडातल्या, म्हणजे मधल्या मोठ्या खोलीतल्या, लाकडी झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, मांडीवर टोपली. मला बघून त्या एकदम बोलायलाच लागल्या.

"तुम्हीं लिहिलं तसंच सगळं केलं, डॉक्टरम्मा. टोपली काढली, आंत लुगड्याचा तुकडा घातला. टोपली बघतांच तो वर पळाला. काय म्हणून?"

माळ्यावर पितळेची भांडी आणि नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांची ट्रंक होती. ट्रंकेमागे दोन डोळे दिसत होते. मी स्टुलावर चढले, मुनुस्वामीने स्टूल धरलं. अभ्रा हातावर चढवला आणि कागद वाचल्यापासून दोरैच्या जेवणाआधी कावेरीबाई रोज वाजवत तो डबा त्यांना वाजवायला सांगितला. त्यांनी तीन ठोके मारले. दोरैचे कान पुढे झाले. पुन्हा तीन ठोके. तो ट्रंकेच्या कडेने दोन पावलं आला, मान लांब केली, माझ्या बोटांचा वास घेतला. माझी बोटं त्याच्या मानेवर टेकली होती. आणखी एक श्वास, आणि तो हातात होता.

तेवढ्यात मला मदत व्हावी म्हणून, कागदावरच्या क्रमाने, कावेरीबाईंनी टोपली वर केली.

तो फिस्कारला, माझ्या मनगटावर चार रेघा ओढल्या आणि माळ्याच्या पार टोकाला जाऊन कौलांच्या वाशाला चिकटला. मी चिडून खाली बघितलं. टोपलीचं तोंड माझ्याकडे होतं. आतल्या बाजूने, काठाच्या जवळ, वेतावर सगळीकडे नखांच्या पांढऱ्या रेघा होत्या. जुन्यांवर नव्या.

"ही टोपली कुठली?" मी विचारलं, पण विचारता विचारताच मला कळलं होतं.

"घरचीच. श्राद्धाचे दिवशीं..." त्या म्हणाल्या, आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी टोपली फिरवून आत बघितलं. त्या रेघांवरून बोट फिरवलं. घरात सासऱ्यांचं श्राद्ध, सासूबाईंचं, यजमानांचं, शिवाय पंधरवडा. वर्षातून चारदा, सहा वर्षं. गणिताच्या बाईंना हा गुणाकार सांगायला नको होता. त्यांनी टोपली हळूच पाण्यात सोडली. ती दारापर्यंत तरंगत गेली आणि होडीवाल्याने वल्ह्याने बाजूला सारली.

"दोरै, कण्णा, ये रे," त्यांनी हाक मारली. तो हलला नाही.

पाणी मांड्यांना लागलं. होडीवाला आता शिव्या द्यायच्या बेताला आला होता. मी कावेरीबाईंना म्हणाले, "तुम्ही निघा. मी त्याला काढते."

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

त्या माझ्या शब्दावर उठल्या. तीस वर्षं ज्यांनी कुणाचं 'बहुतेक' ऐकून घेतलं नव्हतं, त्या बाई माझ्या शब्दावर होडीत बसून गेल्या. त्यानंतर मी आणि मुनुस्वामीने अर्धा तास खटपट केली. त्याने खिशातून मासळी काढली, तीही पुढे केली. दोरैला आता काहीच दिसत नव्हतं. तो फक्त वाशाला धरून थरथरत होता. शेवटी स्टूल तरंगायला लागलं तेव्हा आम्ही झोपाळ्यावर चढून मिळेल तो दहीभात माळ्यावर ठेवला, पितळेच्या तपेल्यात प्यायचं पाणी ठेवलं, आणि मुनुस्वामीने काठीने वरची दोन कौलं सरकवली. पाणी माळ्यापर्यंत आलंच तर निदान वाट असावी. मग आम्हीही निघालो.

शाळेच्या वरच्या मजल्यावर कावेरीबाई जिन्यापाशीच उभ्या होत्या. माझ्या हातातले दोन्ही अभ्रे रिकामे होते. त्यांनी ते पाहिले. मला वाटलं, आता त्या ओरडतील, आणि ओरडाव्यात असंच वाटत होतं. त्या म्हणाल्या, "जेवलां काय तुम्ही?" आणि कुणीतरी वाटलेलं सांबारभाताचं आपलं पुडकं माझ्या हातात दिलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. माळा कोरडाच राहिला होता. भात संपलेला, तपेल्यातलं पाणी अर्धं. दोरै नव्हता. कौलांमधल्या फटीतून आभाळ दिसत होतं. भात त्याने खाल्ला की उंदरांनी, हे मी डॉक्टर असूनही सांगू शकत नव्हते.

कावेरीबाई रोज सकाळ-संध्याकाळ पुढच्या कट्ट्यावर बसून डबा वाजवायच्या. तीन ठोके, मग थांबायचं. मी दवाखाना बंद करून तिथे जायचे, डॉक्टर म्हणून नव्हे, आरोपी म्हणून. घरातला चिखल काढू लागायचे. एक दिवस त्यांनी माझा कागद मागितला. पेन काढून वर लाल आकडा टाकला : शंभरात पासष्ट. खाली लिहिलं, 'आधीं प्रश्न विचारावा, मग उत्तर सांगावें.' मी म्हटलं, पासष्टही जास्त आहेत. त्या म्हणाल्या, "उरलेले पस्तीस माझे गेले. तुम्हीं टोपली पाहिली एकदां. मी सहा वर्षं पाहिली."

अमावास्या आली. कावळ्याला भात घातल्याशिवाय त्या एरवीही जेवत नसत. अमावास्येचा भात तर पितरांचाच. त्या दिवशी श्रीनिवास आला होता, मीही होते. त्यांनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात, तीळ, तूप घालून मागच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि "का, का" म्हणून हाक दिली. दोन कावळे आले, पण उतरेनात, तिरपी मान करून शेजारच्या कौलांकडे बघत राहिले. कौलांवरून काहीतरी मातकट रंगाचं सरपटत येत होतं. बरगड्या दिसत होत्या, एक कान फाटला होता. भिंतीवर उतरून त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. पानात तोंड घातलं.

पितरांचा भात मांजर खातंय म्हणून श्रीनिवास ओरडून हात उगारून धावला.

"उगा रहा!" कावेरीबाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. सगळी शाळा गप्प करणारा आवाज. श्रीनिवास जागच्या जागी थांबला. मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "जेवूं दे त्याला. ह्यांनीच धाडला आहे." नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलं नव्हतं, पण कोणाबद्दल बोलतात ते आम्हाला कळलं. बोक्याने पान चाटून साफ केलं, तोवर त्या हात जोडून उभ्या होत्या. कावळ्यांना नंतर दुसरा भात मिळाला.

पुढच्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात भटजींनी विचारलं, मांजराचं काय? कावेरीबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून कडी घातली. दार होतंच की घराला, कडीही होती. तंजावरपासून मद्रासपर्यंत, आणि आमच्या माहेरीसुद्धा, इतक्या पिढ्यांत कुणाला ते सुचलं नव्हतं.

त्याच्या आधीच मी त्यांना बाजारातून नवी टोपली आणून दिली होती, झाकणाची. ती त्यांनी झोपाळ्यावर उघडी ठेवली. पहिले दोन महिने दोरै त्या खोलीतही येईना. मग दहीभात तिच्यापासून चार हातांवर, मग दोन, मग काठाशी. त्या आकडे मला सांगायच्या. श्राद्धाच्या दिवशी, ब्राह्मण जेवून उठल्यावर, त्यांनी पहिला वडा कुस्करून टोपलीच्या आत ठेवला, आणि साहेब आत शिरून खाऊन तिथेच झोपला. तेव्हापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न : घरात मांजराला कशात कोंडता? लोक चमकायचे. पण उत्तर प्रत्येकाकडे असायचं. कुणाचं पोतं, कुणाचं न्हाणीघर, कुणाचा कोंबड्यांचा खुराडा.

पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आत श्रीनिवासने काकूंना तांबरमला न्यायचं ठरवलं. गल्ली सखल, वय झालेलं, त्या नाही म्हणाल्या नाहीत. निघायच्या सकाळी मी सुतळी घेऊन गेले. सैदापेट स्टेशनवरून गाडीने जायचं, गर्दी, शिट्ट्या, झाकण घट्ट बांधायला हवं. त्यांनी माझ्या हातातली सुतळी पाहिली आणि मान हलवली.

"बांधूं नका. तो येतो."

त्यांनी टोपलीच्या काठावर बोटाने तीन ठोके मारले. दोरै रिकाम्या घरातून चालत आला, टोपलीत चढला, आत एकदा गोल फिरला आणि बसला. श्रीनिवासने टोपली उचलली. स्टेशनापर्यंत मी शेजारून चालले, हात तयार ठेवून. आता उडी मारेल, मग मारेल. गाडी धडधडत आली तेव्हा झाकण थोडं वर झालं, एक फाटका कान दिसला, आणि झाकण पुन्हा खाली बसलं.

कावेरीबाई खिडकीपाशी बसल्या, टोपली मांडीवर. गाडी हलताना म्हणाल्या, "त्या कागदावरचे गुण सत्तर करा, डॉक्टरम्मा."

गाडी गेल्यावर मी बराच वेळ तिथेच उभी होते. घरी जाताना बघितलं तर सुतळी हाताला गुंडाळलेली तशीच होती.